घुमटांपर्यंतचं अंतर

सीताफळं आली की माझे पाय शिवशिवायला लागतात. जिभेचा नंबर नंतर. परवा सकाळी हैदराबादेत आमच्या मणिकोंड्याच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर दोन बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. वॉचमन त्यांना उठवायला बघत होता आणि त्या त्याला भीक घालत नव्हत्या. मी ऑफिसची पिशवी बाजूला टाकून तिथेच उकिडवी बसले आणि एकेक फळ उचलून त्याचे डोळे बघू लागले. डोळे मोठाले झाले, मधल्या फटी पिवळसर पडल्या, की फळ उद्या पिकणार. "किती चालून आलात?" मी माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत विचारलं. थोरलीने मला नीट न्याहाळलं. "ऑटोल वच्चिनम् अम्मा," ती म्हणाली. ऑटोतून आलो, बाई. बावळट कुठली, हे तिने फक्त डोळ्यांनी सांगितलं.

तिचं काय चुकलं? पण सीताफळं डोंगरातून शहरात चालतच येतात असं माझ्या डोक्यात एकदा बसलंय ते बसलंय. कारण एका वर्षी मीही त्यांच्याबरोबर तशीच उतरून आले होते. विशीतली, लंगडत, पाठीवर सॅक, केसांत काड्या, आणि आनंदाने इतकी फुगलेली की कुणी टाचणी लावली असती तर फुटले असते.

देशाची दारं उघडली म्हणतात तो काळ. सुलतान बाजारातल्या आमच्या गल्लीत दर आठवड्याला एका नव्या गच्चीवर डिश लागायची. कापडाच्या दुकानावर कॉम्प्युटर क्लास उघडला होता आणि ज्याच्या त्याच्या घरात पोरांनी काय शिकावं यावर वाद चालू होते. आमच्याकडे वाद वेगळाच होता. मला उत्तरेत जाऊन महिनाभराचा गिर्यारोहणाचा कोर्स करायचा होता. मौलाअलीच्या खडकावर दोन वर्षं दोरावर लोंबकळून माझे हात घट्ट झाले होते आणि डोक्यात बर्फ शिरला होता. कोर्सच्या फॉर्मवर वडिलांची सही लागत होती. माझे वडील, नाना, जमीन मोजणीच्या खात्यातून नुकतेच रिटायर झालेले. तीस वर्षं साखळी घेऊन गावोगावच्या हद्दी मोजलेला माणूस. त्यांना मी बँकेची परीक्षा द्यायला हवी होती.

पंधरा दिवस मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी चष्मा काढून ठेवला. "पायी ये," ते म्हणाले. "अनंतगिरीवर मूसी जिथे निघते तिथपासून अफझलगंजच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांपर्यंत. पंचवीस कोस तरी असेल. एकदाही चाकावर बसायचं नाही. आलीस तर दस्तखत करतो. नाही जमलं तर बँकेचा फॉर्म भर, आणि हा विषय खतम."

मी त्यांना मिठी मारणार होते, पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. मग मी जाऊन आईला मारली. तिच्या हातात उलथनं होतं.

सोबतीला यादय्या होता. यादय्या नानांचा चेनमन, म्हणजे साखळीचं पुढचं टोक धरून चालणारा माणूस. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, पायात टायरच्या चपला. त्याचे नातेवाईक त्या वाटेवरच्या प्रत्येक गावात सापडायचे, त्यामुळे मुक्कामांचा प्रश्न मिटला. आणि नानांनी मला एक वही दिली. मोजणीवाल्यांचं फील्डबुक. प्रत्येक पानावर मधोमध दोन लाल रेघा. रेघांच्या आत किती चाललो ते, डावीकडे डाव्या हाताला काय दिसलं ते, उजवीकडे उजव्या. गंमत म्हणजे ते पानाच्या तळापासून वर लिहीत जायचं. चालताना पुढचं सगळं आपल्या वरच्या बाजूला असतं ना, म्हणून. जन्मभर वरून खाली लिहिलेल्या माझ्या हाताला पहिला दिवस भलताच अवघड गेला. दुसरा नियम, खोडरबर वापरायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ आणि शेजारी खरं काय ते.

पहिले तीन दिवस मला आता तुकड्यांतुकड्यांत आठवतात. अनंतगिरीच्या उतारावर सागाची थाळ्याएवढी पानं आणि त्यांवर टपटपणारं दव. देवळामागे कुंडातून निघालेली मूसी इतकी बारीक की मी एक पाय या तीरावर आणि एक त्या तीरावर ठेवून उभी राहिले आणि यादय्याला म्हटलं, बघ, माझ्या दोन पायांमधून हैदराबादचं पाणी चाललंय. "पीछे हटो अम्मा, गिरेंगे," तो म्हणाला. त्याला काव्याचं वावडं होतं. मग ज्वारीची शेतं, कोवळ्या कणसांवर गोफणीने दगड भिरकावणाऱ्या बायका, नदीकाठची वाळू, आणि सगळीकडे, कुंपणांवर, खडकांच्या फटींत, कुणीही न लावलेली सीताफळं. आम्ही ती चालता चालता खायचो आणि बिया थुंकत जायचो. यादय्या म्हणायचा, साब मोजताना खुंट्या मारायचे, तुम्ही बिया मारा.

आणि मग तो चौथा दिवस. शुक्रवार. गंडीपेटच्या तलावाजवळ यादय्याच्या बहिणीच्या घरी आम्ही उजाडायच्या आधी उठलो. तिने चुलीवरची ज्वारीची रोट्टी आणि टोमॅटोची झणझणीत पच्चडी हातावर ठेवली, आणि माझ्या टाचेवरचा फोड बघून तोंडाने च्च् च्च् केलं. फोड लिंबाएवढा झाला होता. माझं लक्षच नव्हतं. आज संध्याकाळी पायऱ्यांवर नाना उभे राहणार होते, उद्या दुपारी बारापर्यंत फॉर्म रजिस्टर पोस्टाने जायला हवा होता, आणि मध्ये फक्त आठ कोस. काय असतात आठ कोस!

सरळ रस्ता सोडून आम्ही खाजागुड्याच्या खडकांवरून गेलो. यादय्याची इच्छा नव्हती, पण मला शहर वरून बघायचं होतं. ते खडक आठवतात का कुणाला? हत्तीएवढे, घराएवढे, एकावर एक ठेवलेले, आता पडतील मग पडतील असे वाटणारे आणि लाखो वर्षं न पडलेले. मी हातापायांवर चढत माथ्यावर पोचले आणि समोर सगळं हैदराबाद पसरलेलं. गोवळकोंडा अगदी हाताशी. त्याच्या अलीकडे कुतुबशाही कबरींचे घुमट. पलीकडे धुरकट निळसर गर्दीत मिनार असतील नसतील, मला तरी चारही मोजता आले. त्या गर्दीत कुठेतरी आमची गल्ली होती, आई डाळीला फोडणी देत होती, आणि एक माणूस पेनात शाई भरत होता. मी जोरात ओरडले. नुसतीच. शब्द काही नव्हता. खालून एक मोर उत्तरला.

त्या माथ्यावर चुन्याच्या रेघा होत्या. खडकांवर पांढऱ्या रंगाने आकडे टाकलेले, फटींत लाल फडक्यांच्या खुंट्या. कुणीतरी मोजून गेलं होतं. यादय्याने एक खुंटी हलवून बघितली, पक्की आहे म्हणून मान डोलावली. "पत्थर का क्या मोजते अम्मा?" तो हसत म्हणाला. "पत्थर में क्या उगता?" मलाही हसू आलं. आज त्यातल्याच कुठल्यातरी खडकाच्या जागी बाराव्या मजल्यावर माझं स्वयंपाकघर आहे. यादय्या, हे उगवलं बघ. मी तक्रार कुठल्या तोंडाने करू? लिफ्टमधून उतरताना मात्र कधी कधी वाटतं, अरे, हा उतार आपण बसून उतरलो होतो, घसरत, चड्डीला भोक पाडून घेत, आणि खाली पोचल्यावर दोघंही मूर्खासारखे हसत होतो.

खाली पोचलो आणि टाच बोलायला लागली. फोड फुटला होता. पायमोजा रक्ताने चिकटलेला. ऊन चढलेलं. कच्च्या रस्त्यावर चिंचेखाली जनावरांचा दगडी हौद होता आणि तिथे सीताफळांनी भरलेली एक बंडी थांबली होती, बैल पाणी पीत होते. गवतात रचलेल्या टोपल्या आणि वर बसलेली एक म्हातारी. मी वही काढून नोंद केली: डावीकडे चिंच आणि हौद, उजवीकडे एकावर एक तीन दगड, वरचा फुटलेला. मग जागा शोधू लागले, बूट काढायला.

"एक्कु बिड्डा," म्हातारी म्हणाली. चढ पोरी.

"नक्को," मी म्हटलं. "चाकावर बसायचं नाही."

"खडी बंडी है अम्मा," यादय्या म्हणाला. "पाँव तो देखो अपना."

थांबलेली बंडी म्हणजे बाकडंच की, मी मनाशी म्हटलं. मागच्या फळीवर टेकले. म्हातारीने फडकं भिजवून टाच बांधली, वरून एक सीताफळ दिलं आणि त्याचे डोळे कसे बघायचे ते दाखवलं. गवत ऊबदार होतं. पाठ मागे टेकली. पिकल्या फळांचा वास डोक्यात चढत होता. आणि मग बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला आणि फळी हलली.

आज इतक्या वर्षांनी लपवून काय करायचंय? फळी हलली ते मला कळलं होतं. चांगलं कळलं होतं. दोन पावलं, मी म्हटलं, दोनच पावलं, मग उतरते. आणि डोळे मिटले.

जाग आली तेव्हा घुमट अंगावर आले होते. कबरींच्या भिंतीशी बंडी उभी, यादय्या शेजारी चालत आलेला, घामाने निथळत. मी ताडकन उडी मारली. "किती आलो?" मी विचारलं. यादय्याने हात झटकले. त्याने मोजलं नव्हतं, जन्मात पहिल्यांदा. माझ्याकडे बघत राहिला होता म्हणे, पडू नये म्हणून. "साब को मैं क्या बोलता?" तो म्हणाला. "मैं तो कुछ देखाच नै." मला त्या क्षणी त्याचे पाय धरावेसे वाटले आणि त्याला दोन फटकेही द्यावेसे वाटले.

त्यानंतरची दुपार मी रागाने चालले. आणि गंमत बघा, त्या रागातसुद्धा मन उड्या मारत होतं. बंजारा दरवाजातून किल्ल्यात शिरलो तर गल्लीत पतंगाचा मांजा सुतत होते. फतेह दरवाजाच्या कमानीखाली टाळी वाजवली की आवाज घुमतो, ती मी वाजवलीच. लंगर हौजला पहिली सिटी बस दिसली तर तिच्या धुराचाही वास मला प्रेमाचा वाटला. पिवळ्या एसटीडी बूथसमोर परदेशी कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची क्रेट उतरवत होते. कारवानच्या हॉटेलातून समोश्यांचा घमघमाट येत होता. चार दिवसांत मी माणसांची इतकी गर्दी बघितली नव्हती, आणि प्रत्येक माणूस मला ओळखीचा वाटत होता. पुरानापुलाशी मूसी पुन्हा भेटली. बिचारी. अनंतगिरीवर जिच्यावर पाय फाकून उभी राहिले ती हीच, यावर माझा विश्वास बसेना. शहरात उतरायला तिलाही चारच दिवस लागले असतील आणि काय अवस्था झाली होती तिची! मी नाक दाबलं आणि मग लाज वाटून सोडून दिलं.

बेगम बाजारात मिरच्यांची पोती उतरत होती. पुढे दहा मिनिटांवर ग्रंथालय. मी एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि वही उघडली. हौदाची नोंद होती, तिच्या वर सरळ बंजारा दरवाजा. मधली जागा कोरी. तीन बोटं रुंद असेल. तिथे काहीही लिहिता आलं असतं. 'कच्चा रस्ता, अर्धा कोस.' कुणाच्या बापाला कळलं नसतं. माझ्या तर नाहीच. यादय्या पलीकडे तोंड करून उभा राहिला होता, मुद्दाम. फॉर्म, बर्फ, दोर, अख्खं वर्ष त्या तीन बोटांत अडकलं होतं. मिरचीच्या खाटाने मला लागोपाठ सात-आठ शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, दुकानदार म्हणाला, "क्या हुआ बेटी, घर में सब खैरियत?" मी हो म्हटलं आणि लिहिलं: 'येथून घुमटांपर्यंत बंडीत. झोप लागली. अंतर माहीत नाही.'

नाना तिसऱ्या पायरीवर उभे होते. पांढरा शर्ट, खिशात पेन, हातात फॉर्मचं लांबट पाकीट. ऊन अजून ग्रंथालयाच्या भिंतीवर होतं. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी रस्त्यात थबकले आणि एका रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या. "पाणी पी आधी," ते म्हणाले. मी प्यायले. त्यांनी वही घेतली आणि उभ्या उभ्या वाचू लागले, तळातून वर, पान उलटून पुन्हा तळातून वर. एकदा हसले. एकदा यादय्याला म्हणाले, "हा ओढा आपण मोजलाय." मग बोट थांबलं.

"झोप केव्हा लागली? बंडी हलायच्या आधी की नंतर?"

काय प्रश्न होता तो! तीस वर्षं हद्दीच विचारलेला माणूस.

"नंतर," मी म्हटलं.

त्यांनी पेन काढलं नाही. फॉर्म घडी घालून खिशात गेला. "उद्या बघू," ते म्हणाले.

"उद्या बारापर्यंत पोस्टात पडायला हवा नाना!"

"मला माहीत आहे."

घरी आईने मिठाच्या गरम पाण्यात माझे पाय बुडवले आणि नानांवर तोंड सोडलं. "पोर पंचवीस कोस चालून आली, टाचेचं सालटं निघालंय, आणि तुम्हाला एका सहीला काय होतंय?"

"चोवीस आणि काहीतरी," नाना म्हणाले आणि पेपर उघडला.

मी तेव्हा त्यांचा मनापासून द्वेष केला. खरं लिहिलं तर हे बक्षीस? उशीत तोंड घालून रडले आणि बंडीतल्यापेक्षा गाढ झोपले.

पहाटे कुणीतरी पायाचा अंगठा हलवला. नाना. खाकी पँट चढवलेली, पायात साइटवरचे जुने बूट. दोन वर्षं त्यांनी ते घातले नव्हते, गुडघ्यामुळे. "ऊठ," ते म्हणाले. "यादय्या स्टॉपवर उभा असेल."

"कुठे जायचंय?"

"जिथे हुकलं तिथे. मोजताना एक साखळी चुकली तर कुणी सगळं गाव टाकून देतं का? शेवटच्या पक्क्या खुणेपाशी परत जायचं आणि तिथून पुढे मोजायचं. तुझी खूण पक्की आहे ना? चिंच, हौद, फुटका दगड?"

"आहे."

"मग रडत काय होतीस?"

तिथवर आम्ही बसने आणि मग रिक्षाने गेलो. मी कचरत आत चढले तर नाना म्हणाले, "मागे जायला चाक चालतं." चिंच सापडली. हौद सापडला. फुटका दगड उन्हाच्या पहिल्या तिरिपेत लालसर दिसत होता. नानांनी त्याला हात लावला आणि चालायला लागले. यादय्या पुढे, मध्ये मी, मागे नाना मोठ्याने पावलं मोजत, आणि त्यांच्याही मागे रिकामी रिक्षा. त्यांचं एक पाऊल अडीच फुटांचं, ना कमी ना जास्त. पहिल्या शंभरात गुडघा कुरकुरला, ते मला ऐकू आलं. दोनशेनंतर त्यांचा आवाज चढला. पाचशेला ते गाणं म्हटल्यासारखे मोजत होते. "डावीकडे विहीर, लिही! उजवीकडे ताड, दोन, लिही!" मी लिहीत होते, पान चढत होते, टाच ठणकत होती, आणि मला कळत होतं की हा माणूस मला शिक्षा करत नाहीये. त्याला मजा येतेय. इतकी मजा की घुमट आले तेव्हा तो थोडा नाराज झाला.

"दोन हजार आठशे चाळीस," नाना म्हणाले. "लिही."

मी लिहिलं. उरलेल्या कोऱ्या जागेत ते बरोब्बर मावलं. यादय्या न सांगताच वाकून उभा राहिला आणि नानांनी त्याच्या पाठीवर फॉर्म ठेवून दस्तखत केली, उर्दू वळणाची, लांबलचक. मग पेनाला टोपण लावलं. "वर बर्फात गेलीस तरी असंच लिहायचं," ते म्हणाले. "जिथे बसलीस तिथे बसले म्हणून."

मी मान हलवली.

नानांना आता एक पाऊल टाकवत नव्हतं. ते रिक्षात बसले, पाय लांब करून, फॉर्म छातीशी धरून. पोस्ट बंद व्हायला अजून चिकार वेळ होता. त्यांनी मला जागा करून दिली. मी रिक्षाकडे बघितलं, किल्ल्याच्या दरवाजाकडे बघितलं, आणि सॅकचे पट्टे आवळले.

"अगं, आता कुठे?" नाना बाहेर डोकावून ओरडले. "दस्तखत झाली! बस ना आता!"

"नक्को!" मी ओरडले आणि लंगडत, हसत, बंजारा दरवाजाच्या दिशेने पळत सुटले. मागून टायरच्या चपला फटक फटक वाजवत यादय्या धावत होता, साऱ्या जगाला सांगत होता की साब की बच्ची पागल हो गई, आणि रिक्षातून नाना, सवयच ती, माझी पावलं मोजत होते.